शेवटचं दहिवर आणि परसातली पेरणी

अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या मराठी घरांत एप्रिल लागला की एकच प्रश्न फिरू लागतो: आता लावायचं का? गार्डन सेंटरमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं येऊन बसलेली असतात, दुपारी जॅकेट काढावंसं वाटतं, आणि बियांच्या पाकिटामागे ‘दहिवराचा धोका टळल्यावर लावा’ एवढीच सूचना असते. धोका टळला हे ओळखायचं कसं, ते पाकीट सांगत नाही. या एका प्रश्नाभोवती मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान साठलेलं आहे. संतांच्या तिथ्या, ओकची पानं, हवामान खात्याची कोष्टकं, मातीत खुपसायचे तापमापक, सगळंच त्यात येतं. त्याचा आढावा घेण्याआधी माझं मत सांगून टाकते. दहिवराच्या तारखेला आपण नको त्या भाज्यांसाठी मान देतो. पालक, मेथी, वाटाणा त्या तारखेच्या कितीतरी आधी जमिनीत जायला हवेत, आणि आपण त्यांना थांबवून ठेवतो. भेंडी, दुधी, वांगी तिच्या बऱ्याच नंतर जायला हवीत, आणि त्यांची आपण घाई करतो. ती तारीख नेमकी लागू पडते अशा भाज्या थोड्याच आहेत.

हे लिहिताना डोळ्यांसमोर मध्य न्यू जर्सी आहे. शिकागो, टोरांटो किंवा बॉस्टनच्या वाचकांनी तारखा पुढे सरकवून घ्याव्यात. किती सरकवायच्या, तेही पुढे येईलच.

आधी ती तारीख म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेची ‘नोआ’ ही सरकारी संस्था दर दहा वर्षांनी मागच्या तीस वर्षांच्या हवामानाचा ताळेबंद मांडते. सध्याचा ताळेबंद १९९१ ते २०२० या काळाचा आहे आणि तो २०२१च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात एकेका केंद्रासाठी वसंतातल्या शेवटच्या गारठ्याची एक नव्हे, अनेक तारखा असतात. ३६, ३२, २८ अंश फॅरनहाइट अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर वेगवेगळ्या शक्यतेची वेगळी तारीख असते. ‘लास्ट फ्रॉस्ट डेट’ म्हणून आपल्या कानावर येते ती बहुधा यांतली मधली, पन्नास टक्क्यांची तारीख. म्हणजे निम्म्या वर्षी ती उलटून गेल्यावरही पारा ३२ अंशांवर, शून्य सेल्सिअसवर, उतरतो. ‘या दिवसानंतर दहिवर पडत नाही’ असा तिचा अर्थ कुणी केला तर दर दोन वर्षांतून एकदा तो फसणार. दहा टक्क्यांची तारीख तिच्या दीड-दोन आठवडे पुढे असते, आणि माझ्या मते परसबागेत हीच तारीख भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी आहे. टोमॅटोची चार रोपं गेली तर दुकानात दुसरी मिळतात, तिथे पन्नास टक्क्यांवर डाव खेळायला हरकत नाही. पण खिडकीत दोन महिने वाढवलेली आणि दुसरीकडे कुठे न मिळणारी मिरची असेल, तर तिच्यासाठी दहा टक्केही जास्तच.

न्यू जर्सीसारख्या छोट्या राज्यातही ही तारीख एक राहत नाही. दक्षिणेकडे समुद्राकाठी ती एप्रिलच्या मध्याला येते आणि वायव्येच्या डोंगराळ ससेक्स काउंटीत मेच्या मध्यावर जाते. महिन्याचा फरक, आणि अंतर मोटारीने दोन-अडीच तासांचं.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण मंडळाच्या कार्यक्रमात जेवायच्या रांगेतही तो ऐकू येतो: “आमचा झोन सात आहे, म्हणजे आता लावलं तरी चालेल ना?” कृषी खात्याचा झोनचा नकाशा (ताजी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ची) हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीचं सरासरी तापमान दाखवतो. अंजीर किंवा गुलाब थंडीत तगेल का, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मे महिन्याबद्दल तो काहीच सांगत नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गावांना सौम्य हिवाळ्यामुळे वरचा झोन मिळतो, पण तिथला मे-जून इतका गार असतो की भेंडीचं बी मातीत पडून राहतं. भाजीसाठी झोन विसरलेला बरा.

आता दहिवर पडतं कसं ते. हा भाग मी लांबवणार आहे, कारण तो नीट कळला की उरलेल्या निम्म्या सूचना आपल्या आपण सुचतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात. वर ढग असतील तर त्यातली बरीच ऊब परत येते, नसतील तर जाते ती जातेच. त्यामुळे पान सभोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून दीड-दोन मीटरवर असतो. तो ३५ अंश फॅरनहाइट दाखवत असताना खाली टोमॅटोचं पान गोठलेलं असू शकतं. म्हणूनच अमेरिकेचं हवामान खातं ३३ ते ३६ अंशांच्या अंदाजालाही दहिवराची सूचना काढतं. आकडा शून्य सेल्सिअसच्या वर आहे म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

हे कोडं सुटलं १८१४ साली. विल्यम चार्ल्स वेल्स हे अमेरिकेतल्या चार्ल्स्टनमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले डॉक्टर. त्यांनी लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या एका बागेत रात्री जागून दवाची आणि तापमानाची मोजमापं घेतली. गवताच्या वर चार काड्या रोवून त्यांवर पातळ रुमाल ताणला, तर रुमालाखालचं गवत उघड्या गवतापेक्षा कितीतरी उबदार राहिलं. माळी कोवळ्या रोपांवर पातळ चटया पांघरतात हे त्यांना पूर्वी निरर्थक वाटत असे, कारण एवढ्याशा चटईने थंड हवा थोडीच अडणार? प्रयोगांनंतर त्यांना माळ्यांचं शहाणपण उमगलं आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहिलं. चटई हवा अडवत नाही, ती झाडाला उघड्या आकाशापासून अडवते. पोर्चच्या छपराखाली किंवा मोठ्या झाडाच्या फांद्यांखाली ठेवलेली कुंडी का वाचते आणि चार पावलांवरच्या मोकळ्या वाफ्यातलं रोप का जातं, त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट, गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत खोलगटात साठते. टॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियावरच्या आपल्या ग्रंथात हे नोंदवलं आहे. माँटिचेलो या त्यांच्या डोंगरावरच्या घराच्या पायथ्याशी हिकरीची झाडं मरावीत असं दहिवर पडलं, तरी डोंगरमाथ्यावरच्या फळझाडांच्या नाजूक मोहोराला धक्का लागला नाही. त्यांची भाजीची बाग आग्नेयेकडे उतरणाऱ्या अंगावर, लांबलचक सपाटीवर आखलेली होती, आणि सकाळचं ऊन तिला लवकर मिळे. तरीही निसर्गापुढे त्यांचं सगळं काही चाललं असं नाही. ५ मे १७७४च्या दहिवराने जवळपास सगळं नेलं, गहू, राय, मका, तंबाखूची रोपंसुद्धा, अशी नोंद त्यांच्या बागेच्या वहीत आहे. ही वही त्यांनी १७६६ ते १८२४ अशी जवळजवळ सहा दशकं ठेवली. पेरणीची वेळ ठरवायला वहीपेक्षा चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. शेजाऱ्यांमध्ये सर्वांत आधी वाटाणा कुणाकडे तयार होतो, अशी त्यांच्यात दर वसंतात चुरस असे आणि जिंकणाऱ्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचं असा रिवाज होता. चुरस वाटाण्याची होती, टोमॅटोची नव्हती, हे मला फार समर्पक वाटतं. लवकर पेरण्याची शर्यत लावायचीच तर ती वाटाण्यावर लावावी.

गार हवा अशी खोलगटात साठते, म्हणून आपल्या परसातली थंड जागा ओळखणं हे पहिलं काम. अंगणाच्या तळाशी आडवं भरीव कुंपण असेल तर त्याच्या वरच्या बाजूला गार हवा तुंबते. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत, सिमेंटचा ड्राइव्हवे, घराचा पाया यांच्याजवळ रात्र एक-दोन अंशांनी सुसह्य असते. नाशिकजवळ निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी झाला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. तिथेही खोलगट बागांना आधी फटका बसतो, कारण भौतिकशास्त्र तेच.

गारठ्याचा दुसरा प्रकार वाऱ्यावर येतो. उत्तरेकडून थंड हवेचा लोंढाच उतरतो तेव्हा टेकडीही वाचवत नाही आणि भिंतही नाही. ९ मे २०२०ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हिमाचे कण उतरले. तिथल्या नोंदींतला हा सर्वांत उशिराचा हिमपात, १९७७च्या ९ मेच्या बरोबरीचा. दुसऱ्याच दिवशी मदर्स डे होता.

मदर्स डे मुद्दाम सांगितला, कारण अमेरिकेच्या मोठ्या भागात टोमॅटो लावण्याचा तोच लोकमान्य मुहूर्त आहे. असे मुहूर्त सगळीकडे आहेत. वाटाणा सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला. बटाटा गुड फ्रायडेला. कॅनडात कोवळी रोपं २५ मेच्या आधीच्या सोमवारी, व्हिक्टोरिया डेच्या सुटीत. जर्मनीत ११ ते १५ मे हे ‘हिमसंतांचे’ दिवस. मामेर्टस, पँक्रास, सर्व्हेशियस, बोनिफेस आणि शेवटी ‘थंड सोफी’ गेल्याशिवाय तिथला जुना माळी टोमॅटो बाहेर काढत नाही. या मुहूर्तांना मी सरसकट भाबडे म्हणणार नाही. शतकांचा अनुभव त्यांत मुरलेला आहे. पण ते तपासून घ्यायला हवेत. १५८२मध्ये नवी दिनदर्शिका आली तेव्हा दहा दिवस गाळले गेले. हिमसंतांची समजूत त्याआधीची धरली, तर तिच्यामागचा अनुभव आजच्या २१ ते २५ मेचा ठरतो. गुड फ्रायडे तर २० मार्च ते २३ एप्रिल यांत कुठेही पडतो, म्हणून त्याच्यावर बटाटा सोपवणं कठीण.

हीच अडचण आपल्या गुढीपाडव्याची. २०२३ला तो २२ मार्चला होता, २०२४ला ९ एप्रिलला. त्या दिवशी वाफा उकरावा, पहिली मेथी टाकावी, हौस पुरवावी. न्यू जर्सीत या दोन्ही तारखा मेथीला चालतात, तेव्हा बिघडत काही नाही. अक्षय तृतीयेला वेलभाज्यांची आळी करून बी टोचण्याची आपल्याकडची रीत मात्र इथे वेगळ्या अर्थाने उपयोगी पडते. तो दिवस बहुधा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत येतो. तेव्हा दुधी-दोडक्याचं बी बाहेरच्या आळ्यात घातलं तर कुजेल. घरात कुंडीत घातलं तर तीन-चार आठवड्यांनी, बाहेरची माती तापता तापता, लावण्याजोगं रोप हातात असेल. कोकणातल्या किंवा देशावरच्या आजीचा मुहूर्त असा खिडकीत पाळता येतो आणि तो बरोबर बसतो.

तिथीपेक्षा खात्रीचे साक्षीदार म्हणजे झाडं. त्या वर्षी ऊब किती साठली आहे, त्याप्रमाणेच ती फुटतात. फॉर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की वाटाणा, ओकचं पान खारीच्या कानाएवढं झालं की मका, लायलॅक पूर्ण बहरली की घेवडा, असे इथले जुने ठोकताळे आहेत. यांतला मक्याचा ठोकताळा मूळ रहिवाशांकडून आल्याचं सांगतात. १९१८ साली कृषी खात्यातले कीटकतज्ज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी अशा निरीक्षणांतून एक नियम बसवला. वसंत ऋतू उत्तरेकडे एका अक्षांशाला, पूर्वेकडे पाच रेखांशांना आणि वर चारशे फुटांना चार-चार दिवसांनी उशिरा पोचतो. वर म्हटलेलं सरकवणं ते हेच. मध्य जर्सीतल्या एडिसनहून बॉस्टन जवळजवळ दोन अक्षांश वर आणि थोडं पूर्वेला आहे, म्हणून साधारण दहा दिवस धरावेत. महासागर आणि मोठी तळी हा हिशेब बिघडवतात, पण पहिला अंदाज म्हणून तो आजही सुरेख आहे. १९५६मध्ये मोंटानात जोसेफ कॅप्रिओ यांनी लायलॅकच्या नोंदी ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं उभारलं. फुलोऱ्याच्या अशा नोंदी ठेवण्याचं काम आता देशभर चालतं, आणि दारातल्या लायलॅकची तारीख त्यात कुणालाही कळवता येते.

पण झाडं काय किंवा तारीख काय, बी ज्यात पडणार त्या मातीचं तापमान कुणीच थेट सांगत नाही. या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग तोच. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स हॅरिंग्टन यांनी १९५०च्या दशकात भाज्यांची बियाणी वेगवेगळ्या तापमानाच्या मातीत पेरून उगवणीचे दिवस मोजले. त्यांचं कोष्टक आजही माळ्यांच्या पुस्तकांत छापलं जातं. वाटाणा ५ अंश सेल्सिअसला ३६ दिवसांनी उगवतो, १० अंशांना तेरा-चौदा दिवसांत, २० अंशांना आठवड्याभरात. टोमॅटोला १० अंशांच्या मातीत ४३ दिवस लागतात आणि २० अंशांना ८. भेंडीला १५ अंशांना २७ दिवस, ३० अंशांना ७. हे आकडे समोर ठेवले की घाईचा अर्थ बदलतो. १ मेला गार मातीत टाकलेली भेंडी आणि २५ मेला तापलेल्या मातीत टाकलेली भेंडी जवळपास एकाच आठवड्यात उगवणार. फरक एवढाच की पहिलीचं बरंचसं बी दरम्यान बुरशीने खाल्लेलं असेल. घेवड्या-मक्याच्या बियांना तर थंड पाणी पहिल्यांदा आत शोषलं जातानाच इजा होते. दहिवर एकदाही पडलं नाही तरी पीक विरळ येतं आणि दोष बियाण्याला दिला जातो.

मोजायला खास यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातला सळीचा तापमापक पाच-सात सेंटिमीटर मातीत खुपसावा, सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, आणि तेही सलग चार-पाच दिवस. दुपारचा आकडा फसवा असतो. त्याचबरोबर वाफसा पाहावा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोचताच फुटला तर माती तयार, चिकटून राहिला तर थांबायचं. मध्य जर्सीच्या चिकण मातीत मार्चच्या ओलीत कुदळ घातली तर ढेकळं ऑगस्टपर्यंत सोबत करतात. उंच वाफे लवकर निथळतात आणि लवकर तापतात. पेंढ्याचं आच्छादन वसंतात मातीला गारच ठेवतं, म्हणून ते उष्ण भाज्यांखाली जूनमध्येच घालावं. काळं प्लास्टिक दोन आठवडे आधी अंथरलं तर माती निश्चित तापते. मला ते डोळ्यांना आवडत नाही, पण वांग्याला आवडतं.

आता थंड भाज्यांकडे, कारण खरं नुकसान इथे होतं आणि ते दिसत नाही. पालक आणि कांद्याचं बी गोठणबिंदूच्या जरा वर असलेल्या मातीतही उगवतं, वाटाणा ४-५ अंशांना. त्यांची कोवळी रोपं हलकं दहिवर सहज सोसतात. त्यांना मारणारा शत्रू पुढे आहे, तो म्हणजे लांब दिवस आणि जूनचा उकाडा. मध्य जर्सीत मेच्या पहिल्या आठवड्यात दिवस चौदा तासांचा होतो आणि पालक फुलावर येण्याच्या तयारीला लागतो. कोथिंबिरीचंही तसंच. मेच्या मध्यात ‘दहिवर टळल्यावर’ पेरलेली कोथिंबीर चार जुड्याही न देता दांडे सोडते. म्हणून वाटाणा, पालक, मुळा, मेथी, कोथिंबीर हे सगळं पन्नास टक्क्यांच्या तारखेच्या चार-सहा आठवडे आधी, वाफसा येताच, मार्चच्या उत्तरार्धात पेरावं. मेथी यांत थोडी नाजूक आहे, तिला एप्रिलचा पहिला आठवडा जास्त मानवतो. दोन आठवड्यांच्या अंतराने हप्त्याहप्त्याने पेरलं तर एखादा हप्ता गारठ्यात गेला तरी ताट रिकामं राहत नाही. गाजर, बीट, बटाटा तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी.

कांद्याची गोष्ट निराळी आणि मोठी रंजक आहे. कांदा गड्डा धरतो तो दिवसाच्या लांबीवर, आणि गड्डा केवढा होणार ते तोवर किती पाती फुटल्या त्यावर. उत्तर अमेरिकेचे लांब दिवसांचे वाण चौदा-पंधरा तासांच्या दिवसाला गड्डा धरतात. तेव्हा रोपं एप्रिलच्या सुरुवातीला गेली नाहीत तर पाती कमी आणि कांदा लिंबाएवढा. महाराष्ट्रातले वाण आखूड दिवसांचे. इथे वसंतात त्यांना पहिल्यापासूनच लांब दिवस मिळतो, म्हणून ते पाती वाढवण्याआधीच गड्डा धरून बसतात. पातीच्या कांद्यासाठी ते लावावेत, गड्ड्याची आशा ठेवू नये.

कोबी-फ्लॉवरच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्यांची रोपं थंडी सोसतात खरी, पण मोठ्या झालेल्या रोपांना दहा अंशांखालचे बरेच दिवस सलग मिळाले तर फ्लॉवर बटणाएवढाच राहतो. रोप लहान, चार-पाच पानांचं असतानाच बाहेर न्यावं.

मग उरतात आपल्या जिवाभावाच्या भाज्या. टोमॅटोला माती १६ अंश आणि रात्र १० अंशांच्या वर हवी. मध्य जर्सीत हे साधारण मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जमतं. दहिवराची तारीख खऱ्या अर्थाने लागू पडते ती इथेच, टोमॅटो आणि घेवड्याला. मिरची, वांगी, भेंडी, दुधी, कारली, दोडका, पडवळ या सगळ्यांचं गणित वेगळं. त्यांना इजा व्हायला पाणी गोठावं लागत नाही. दहा अंशांखालच्या काही रात्रीच पुरतात. पान पिवळं पडतं, मूळ थांबतं, आणि मिरचीचं रोप जुलैपर्यंत रुसून बसतं. माती १८ अंशांच्या वर आणि रात्री १३च्या वर स्थिरावल्या की यांना बाहेर काढावं, म्हणजे मेचा शेवट, कधी जूनचा पहिला आठवडा. शेजाऱ्याने मदर्स डेला लावलेल्या वांग्याला जूनअखेर आपलं वांगं गाठतं, हे मी अनेक अंगणांत पाहिलं आहे.

उशिराची भरपाई घरातल्या रोपांनी करायची. मिरची-वांगी आठ ते दहा आठवडे आधी, टोमॅटो सहा ते आठ, वेलभाज्या जेमतेम तीन-चार, कारण त्यांची मुळं दुखावलेली चालत नाहीत. भेंडीचं बी रात्रभर भिजवून थेट जमिनीत टाकलेलं उत्तम. खिडकीतलं रोप बाहेर न्यायच्या आधी आठवडा-दहा दिवस त्याला सवय लावावी. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू ऊन आणि वारा. हे टाळलेलं रोप दहिवर न पडताच पांढरं पडतं.

पावटा आणि तूर लावणाऱ्यांनी दहिवराची दुसरी तारीखही पाहायला हवी, शरदातली. या दोघांचे आपल्याकडचे बरेच वाण दिवस आखूड झाल्याशिवाय फुलत नाहीत. वेल उन्हाळाभर मांडवावर झोकात वाढतो, फुलं सप्टेंबरच्या शेवटी येतात आणि ऑक्टोबरचं पहिलं दहिवर शेंगा भरायच्या आत सगळं काळं करतं. मेमध्ये आठवडाभर लवकर पेरून यात काही फरक पडत नाही. लवकर फुलणारा वाण शोधणं हाच उपाय.

बचावाच्या साधनांत वेल्स यांच्या रुमालाची आजची आवृत्ती म्हणजे न विणलेलं पांढरं कापड, रो कव्हर. जाडीप्रमाणे ते २ ते ८ अंश फॅरनहाइट राखतं. घरातली जुनी चादरही चालते. ती सूर्यास्ताआधी टाकावी, म्हणजे मातीची दिवसाची ऊब आत राहते, आणि कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबाव्यात. रोपाच्या शेंड्याला लॉलीपॉपसारखी गुंडाळलेली चादर जमिनीची ऊब बाहेर ठेवते, म्हणजे हेतूच हरवतो. प्लास्टिक पानाला टेकलं तर तिथेच पान गोठतं. आदल्या दिवशी माती ओली केलेली बरी, कारण कोरड्या मातीपेक्षा ती जास्त ऊब साठवते. टोमॅटोभोवती उभ्या करायच्या पाण्याच्या नळ्यांच्या टोप्या मिळतात. त्यांची करामत अशी की लिटरभर पाणी गोठताना ८० किलोकॅलरी उष्णता सोडतं आणि ती रोपाला मिळते. वाऱ्यावर आलेल्या गारठ्यात मात्र यातलं बरंच काही तोकडं पडतं. त्या रात्री कुंड्या आत घ्याव्यात.

हवामान तापत चाललं आहे, मग ही सगळी खबरदारी जुनी झाली का? अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वाढीचा हंगाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा दोन आठवड्यांहून अधिक लांबला आहे, हे खरं. पण वसंत लवकर येतो म्हणून दहिवर लवकर जातंच असं नाही. २००७चा मार्च असाच उबदार गेला आणि ईस्टरच्या आठवड्यातल्या गारठ्याने मध्य आणि पूर्व अमेरिकेतली कोवळी पिकं नेली. २०१२च्या मार्चमध्ये मिशिगनची सफरचंदं वेळेआधी फुलली आणि एप्रिलच्या दहिवरांत जवळपास नव्वद टक्के पीक गेलं. १८ मे २०२३च्या पहाटे न्यूयॉर्क राज्यातल्या द्राक्षबागा आणि व्हरमाँटच्या सफरचंदबागा करपल्या. उबदार मार्चने माणसालाही फुलझाडासारखी घाई होते. अशा वर्षी तर पन्नास टक्क्यांची तारीख बाजूला ठेवून दहा टक्क्यांचीच धरावी.

आणि एवढं करूनही एखाद्या पहाटे वाफा काळवंडला तर लगेच उपटू नये. वाटाण्याचं बी आपली दलं जमिनीखालीच ठेवतं, त्यामुळे वरचा कोंब गेला तरी खालच्या डोळ्यातून तो पुन्हा फुटतो. बटाटा कंदातून फुटतो. मक्याचा वाढता शेंडा पाच-सहा पानं येईपर्यंत मातीखाली सुरक्षित असतो. टोमॅटोचं खोड खाली हिरवं असेल तर आठवडाभर वाट पाहावी, बगलेतून फूट येते. घेवडा आणि चवळी मात्र दलं वर घेऊन उगवतात. दलांच्या खालचा भाग काळा पडला की पुन्हा फूट येत नाही. ते वाफे त्याच दिवशी मोकळे करून माती उन्हाला उघडी टाकावी आणि तापमापक लावावा. १५ अंशांना घेवडा उगवायला सोळा दिवस घेतो, २५ अंशांना आठ. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पेरलेला घेवडा जुलैच्या मध्यानंतर शेंगांवर येतो.